दार कुणी उघडलं?

सोसायटीत चोरी झाली की पहिला प्रश्न ठरलेला असतो, ‘काय काय गेलं?’ दुसरा, ‘वॉचमन काय झोपा काढत होता का?’ मग पार्किंगमध्ये घोळका जमतो, चहा येतो, आणि एखादे काका शांतपणे तिसरा प्रश्न टाकतात, ‘अहो, पण कुलूप तर शाबूत आहे. मग तो आत आलाच कसा?’

या तिसऱ्या प्रश्नावर अख्खं करिअर करणारी माणसं जगात आहेत. त्यातलेच एक आजच्या कॉलमचे पाहुणे, कार्तिक चंद्रन. न्यूयॉर्कच्या ब्राँक्स भागातल्या अल्बर्ट आइन्स्टाइन कॉलेज ऑफ मेडिसिनमधले व्हायरॉलॉजिस्ट. नाव वाचून ‘अरे, हा तर आपल्यातला दिसतोय!’ म्हणत लगेच गुगल करायला धावू नका. त्यांच्या गावापेक्षा त्यांचं काम जास्त सॉलिड आहे. इबोला, हन्टा असे अचानक डोकं वर काढणारे व्हायरस माणसाच्या पेशीत नेमके कुठून आणि कसे शिरतात, हा त्यांचा विषय.

वीकएंडच्या कॉफीसोबत इबोला कशाला, असं म्हणाल. साहजिक आहे. पण २०२० मध्ये असाच एक व्हायरस पेशीत शिरला आणि आपण सगळे महिनोन् महिने डायनिंग टेबलावर लॅपटॉप मांडून बसलो. तेव्हा शिरकाव या विषयाची थोडी ओळख असलेली बरी, काय?

पार्सल आलंय!

आधी बेसिक फंडा. पेशीच्या बाहेर व्हायरस म्हणजे निव्वळ एक पुडी. आत थोडीशी जनुकं, वर प्रोटीनचं वेष्टण. ही पुडी खात नाही, पीत नाही, स्वतःहून वाढत नाही. स्वतःच्या कॉप्या काढायला लागणारी सगळी यंत्रसामग्री असते आपल्या पेशीत. म्हणजे आत घुसता आलं तर व्हायरस राजा, नाहीतर धूळ. त्याचं सगळं भवितव्य या एका एंट्रीवर.

आपल्या डोक्यात चित्र असतं की व्हायरस भिंत फोडून घुसतो. इबोलाचं तसं नाही. आपल्या पेशी दिवसभर आजूबाजूच्या द्रवाचे घोट घेत असतात. धाग्यासारखा लांबुळका इबोला पेशीच्या पृष्ठभागाला चिकटतो, आणि पेशी त्या घोटाबरोबर त्यालाही गिळते. थोडक्यात, कुरिअरवाल्याचं पार्सल वॉचमननेच सही करून घेतलं आणि लिफ्टने वर नेऊन दिलं!

पण थांबा. पार्सल घरात आलं तरी ते अजून बंद आहे. गिळलेला व्हायरस एका बुडबुड्यात अडकलेला असतो. बुडबुड्याभोवती पडदा, पडद्यापलीकडे पेशीचा खरा अंतर्भाग. वर हा बुडबुडा निघालेला असतो पेशीच्या कचरा डेपोकडे. लायसोसोम म्हणतात त्याला. तिथे आम्ल असतं, येईल त्याचे तुकडे करणारी एन्झाइम्स असतात. वेळेत निसटला नाही तर व्हायरस तिथेच खलास.

मग तो निसटतो कसा?

इबोला पहिल्यांदा ओळखला गेला १९७६ मध्ये. तेव्हाच्या झाईरमधल्या, म्हणजे आजच्या काँगो लोकशाही प्रजासत्ताकातल्या यांबुकू गावाच्या परिसरात ३१८ जण आजारी पडले आणि त्यातले २८० गेले. तिथल्या एका नदीवरून व्हायरसला नाव मिळालं. पण ‘आत कसा शिरतो’ याचं उत्तर मिळायला पुढची कित्येक वर्षं गेली.

उत्तराचा पहिला अर्धा भाग सापडला २००५ मध्ये. चंद्रन तेव्हा बोस्टनला जेम्स कनिंगहॅम यांच्या लॅबमध्ये पोस्टडॉक करत होते. त्यांनी दाखवलं की बुडबुड्यातली आपलीच दोन एन्झाइम्स, कॅथेप्सिन बी आणि एल, इबोलाच्या वेष्टणावरचं टोपण कापून काढतात. आणि आतला आकडा उघडा पडतो. म्हणजे पार्सल आपणच आत घेतलं आणि टेप कापायला कात्रीही आपणच दिली. कमाल आहे की नाही?

आता राहिला एकच प्रश्न. हा उघडा पडलेला आकडा अडकतो कशाला?

मेन गेट सोडून स्टोअररूम

ही गुत्थी सुटली २०११ मध्ये. चंद्रन यांच्याबरोबर टाइन ब्रुमेलकाम्प, शॉन व्हेलन आणि जॉन डाय या शास्त्रज्ञांच्या टीम होत्या. प्रयोगाची आयडिया मात्र एकदम सरळ.

आपल्या पेशीत बहुतेक प्रत्येक जनुकाच्या दोन प्रती असतात. एक बिघडली तर दुसरी काम भागवते, त्यामुळे कुठल्या जनुकावाचून नेमकं काय अडतं ते कळत नाही. या मंडळींनी वापरल्या जवळपास प्रत्येक जनुकाची एकच प्रत असलेल्या माणसाच्या खास पेशी. त्यांनी या पेशींमधली जनुकं वाटेल तिथे बिघडवली. या पेशीत हे, त्या पेशीत ते. मग सगळ्यांवर इबोलाचं वेष्टण घातलेला व्हायरस सोडला. बहुतेक पेशी मेल्या. ज्या जगल्या त्यांच्याकडे वळून विचारलं, ‘बाबांनो, तुमच्यात काय नाहीये?’

बिघडलेल्या जनुकांच्या यादीत एक नाव ठळकपणे पुढे आलं, एनपीसी-१.

‘इबोलाचं वेष्टण घातलेला व्हायरस’ ही काय भानगड, तेही सांगतो. खरा इबोला हाताळायला अतिसुरक्षित लॅब लागते, आणि तशा लॅब जगात मोजक्याच. म्हणून चंद्रन यांच्यासारखे संशोधक व्हीएसव्ही नावाचा एक व्हायरस घेतात. गुराघोड्यांच्या तोंडात फोड आणणारा, माणसाला सहसा फारसा त्रास न देणारा. त्याचा कोट काढून त्याला इबोलाचा कोट चढवायचा. तो दाराशी वागणार इबोलासारखा, पण आत गेल्यावर इबोलाचा आजार देणार नाही. खऱ्या इबोलावरची पडताळणी झाली मेरीलँडमधल्या अमेरिकी लष्कराच्या लॅबमध्ये. आणि गंमत म्हणजे, कनिंगहॅम यांच्या टीमनेही त्याच सुमारास वेगळ्या वाटेने जाऊन याच एनपीसी-१ वर बोट ठेवलं. दोन वाटा एकाच घरापाशी आल्या म्हटल्यावर शंकेला जागा कुठली?

आता यातला ट्विस्ट. व्हायरसचं दार म्हटलं की ते पेशीच्या बाहेरच्या अंगाला असणार, असंच सगळे धरून चालतात. एनपीसी-१ बसलेलं असतं पेशीच्या आत, त्या कचरा डेपोच्या पडद्यात. लोक मेन गेटवर पहारा देत बसले आणि दार निघालं स्टोअररूममध्ये! व्हायरस आपल्या लिफ्टने वर येतो, आपल्या कात्रीने मोकळा होतो, मग एनपीसी-१ ला आकडा अडकवून बुडबुड्यातून पेशीत उतरतो.

ज्यांच्याकडे हे दारच नाही

इथपर्यंत गोष्ट डिटेक्टिव्ह टाइप आहे. आता जरा सावकाश वाचा.

एनपीसी-१ काही इबोलाच्या सोयीसाठी बनलेलं नाही. पेशीच्या त्या कोठीतून कोलेस्टेरॉल बाहेर काढून देणं हे त्याचं रोजचं काम. त्याच्या नावातली अक्षरं आली आहेत नीमन-पिक सी या आजारातून. साधारण लाखभर जन्मांमागे एखाद्या बाळाच्या वाट्याला येणारा हा आनुवंशिक आजार. बहुतेक रुग्णांमध्ये हेच जनुक बिघडलेलं असतं. कोलेस्टेरॉल पेशींमध्ये साचत जातं. चांगलं धावणारं पोर अडखळायला लागतं, बोलणं जड होतं, घास गिळता येत नाही, शाळेत शिकलेलं विसरायला होतं. यातली बरीच मुलं विशी गाठत नाहीत.

या रुग्णांच्या त्वचेतून घेतलेल्या पेशींवर लॅबमध्ये इबोला सोडून पाहिला. काहीच झालं नाही. जगातला इतका जहाल व्हायरस, आणि या पेशींत त्याला वाटच मिळेना.

एनपीसी-१ नसल्यामुळे त्या मुलांचं आयुष्य हातातून सुटतं, आणि तेच नसल्यामुळे इबोला त्यांच्या पेशींत अडतो. म्हणजे ‘दारच बंद करून टाका की राव’ हा सोपा उपाय बाद. घरच्यांना रोज जायला-यायला तेच दार लागतं. हं, किलकिलं करून ठेवता येईल का? त्याच संशोधनात जनुकाची एकच प्रत चांगली असलेल्या उंदरांना इबोला दिला, तर त्यातले बहुतेक वाचले. साधे उंदीर त्याच डोसने मेले. म्हणजे थोडा वाव आहे. पण आधीच झुंजत असलेल्या पेशंटच्या शरीरातलं हे काम औषधाने मंदावायचं, तर ते फार जपून करावं लागेल.

दाराचा आणखी एक किस्सा आपल्या ओळखीचा आहे. घोणस! हो, शेताच्या बांधावर फुस्कारणारी तीच. घोणशीच्या पेशींची लॅबमध्ये वाढवलेली एक प्रजा आहे आणि इबोला तिच्यात शिरू शकत नाही. चंद्रन यांच्या टीमने २०१२ मध्ये त्या पेशींत माणसाचं एनपीसी-१ बसवलं. लगेच इबोला आत. एका प्रोटीनने सापाच्या पेशीला माणसाच्या पेशीइतकंच हळवं करून टाकलं. पुढे २०१५ मध्ये आफ्रिकेतल्या फळं खाणाऱ्या एका वटवाघळाची पाळी आली. त्याच्या पेशी इबोलाला सहजासहजी दाद देत नाहीत, कारण त्याच्या एनपीसी-१ मधलं एक अमिनो आम्ल वेगळं आहे. शेकडो अमिनो आम्लांच्या माळेत फक्त एक मणी बदललेला! कुठला प्राणी व्हायरसचा यजमान होऊ शकतो आणि कुठला नाही, याचा निकाल कधी कधी इतक्या बारीक फरकावर लागतो.

वऱ्हाडात मिसळून

दार बंद करता येत नाही म्हटल्यावर उरतो व्हायरसचा आकडा. तोच झाकून टाकला तर? पण अडचण अशी की आकडा उघडा पडतो बुडबुड्याच्या आत, कात्री चालल्यावर. तिथपर्यंत औषध पोचवायचं कसं?

पुण्यात वाढलेल्या कुणालाही इथे लाल महाल आठवावा. शाहिस्तेखानावर छापा घालायला महाराजांची माणसं लग्नाच्या वऱ्हाडात मिसळून शहरात शिरली, ही गोष्ट आपण शाळेपासून ऐकतो. चंद्रन, जॉनथन लाय, जॉन डाय आणि सहकाऱ्यांनी २०१६ मध्ये अगदी असाच गनिमी कावा केला. त्यांनी दोन हातांची अँटीबॉडी बनवली. एक हात बाहेर असतानाच व्हायरसला धरतो आणि त्याच्याच वरातीतून बुडबुड्यात जातो. आत कात्री चालली, आकडा उघडा पडला, की दुसरा हात एनपीसी-१ आणि आकड्याची गाठच पडू देत नाही. इबोलाचे वेगवेगळे प्रकार आहेत, पण दार सगळ्यांचं एकच. त्यामुळे एका अस्त्रात अनेकांचा बंदोबस्त, हा त्यामागचा विचार. उंदरांमध्ये तो चालला.

माणसांमध्ये याच जागेवर घाव घालणारं औषध आलं दुसऱ्या वाटेने. १९९५ मध्ये काँगोतल्या किकवित शहरात इबोलाची साथ आली होती. त्यातून वाचलेल्या एका व्यक्तीच्या रक्तातून बऱ्याच वर्षांनी एक अँटीबॉडी वेगळी केली गेली. ती इबोलाच्या आकड्याच्या जागेलाच बिलगते आणि कात्री चालली तरी सोडत नाही. २०१८-१९ मध्ये काँगोत साथ चालू असताना तिची चाचणी झाली. चाचणीच्या नेतृत्वात होते झाँ-झाक मुयेंबे, १९७६ मध्ये यांबुकूला जाऊन पेशंटचं रक्त घेणारे तेच डॉक्टर. तुलनेसाठी वापरलेल्या आधीच्या औषधावर निम्मे रुग्ण दगावत होते. या अँटीबॉडीवर हे प्रमाण सुमारे ३५ टक्के आलं, आणि रक्तात व्हायरस कमी असलेल्या रुग्णांमध्ये तर जेमतेम १० टक्के. आणखी एका अँटीबॉडी-मिश्रणाचा निकालही असाच चांगला लागला, आणि २०२० संपता संपता दोन्ही औषधांना अमेरिकेत मंजुरी मिळाली.

या क्वार्टरचं डिलिव्हरेबल काय?

सगळं गोड गोड झालं ना? आता कॅलेंडर उघडा.

दार कळलं २०११ मध्ये. पश्चिम आफ्रिकेत इबोलाची सगळ्यात मोठी साथ भडकली २०१४ मध्ये. गिनी, लायबेरिया, सिएरा लिओन या देशांत २०१६ पर्यंत २८,६०० पेक्षा जास्त माणसं आजारी पडली आणि ११,३०० हून अधिक गेली. दार माहीत होऊन तीन वर्षं झाली होती. एवढंच कशाला, कोट बदललेल्या त्याच व्हीएसव्हीची बनवलेली एक लस २००५ मध्येच माकडांना वाचवून बसली होती. तिला अमेरिकेत मंजुरी मिळाली २०१९ च्या डिसेंबरमध्ये. मधली वर्षं ती बहुतांशी कपाटात होती.

कारण? तुम्ही-आम्ही रोज ऑफिसात ऐकतो तेच. मार्केट कुठाय? पेशंट थोडे, गरीब आणि लांब राहणारे. साथ नसते तेव्हा पैसे ओतायला कुणी तयार नसतं, आणि साथ आली की चाचण्या करायला वेळ नसतो. २०२२ मध्ये युगांडात इबोलाच्याच सुदान जातीची साथ आली, तेव्हाही तिच्यावर मंजूर झालेली लस नव्हती.

याच्या उलट उदाहरणही आहे, आणि ते आपण सगळे जगलोय. २००३ मध्ये सार्सची साथ आली, शेकडो माणसं गेली आणि थोड्याच काळात आटोपली. त्याच वर्षी मायकल फर्झान यांच्या टीमने सार्सचं दार शोधलं होतं, एसीई-२. साथ संपल्यावर या दाराचं काय लोणचं घालायचं, असं एखाद्या मॅनेजरने नक्की विचारलं असतं. पण २०२० च्या जानेवारीत वुहानच्या नव्या व्हायरसची जनुकं जगासमोर आली, तेव्हा कुठलं दार तपासायचं हे आधीच माहीत होतं. काही आठवड्यांत शिक्कामोर्तब झालं, लशीला नेम धरायला स्पाइक प्रोटीन समोर होतं आणि वर्ष संपायच्या आत लोकांच्या दंडात सुया गेल्या. न्यूयॉर्कमध्ये तेव्हा हाहाकार होता. चंद्रन यांच्या लॅबने आपल्या जुन्या व्हीएसव्हीला कोविडचा कोट शिवला आणि बऱ्या झालेल्या लोकांच्या प्लाझ्मात किती दम आहे ते मोजायला घेतलं. इबोलासाठी शिकलेली शिवणकला कोविडला कामी आली.

आता आपल्या अंगणात या. पुण्यात पाषाणहून सूस रोडने जाताना एनआयव्हीचा कॅम्पस लागतो. तिथे २०१२ पासून बीएसएल-४, म्हणजे सर्वोच्च सुरक्षेची लॅब आहे. तिथल्या शास्त्रज्ञांनी मार्च २०२० मध्ये महाबळेश्वरच्या एका गुहेतली वटवाघळं तपासली आणि काहींच्या रक्तात निपाह व्हायरसच्या अँटीबॉडीज सापडल्या. घाबरून स्ट्रॉबेरीचा प्लॅन कॅन्सल करू नका. त्या वटवाघळांचा कधीतरी या व्हायरसशी संबंध आला असणार, एवढाच त्याचा अर्थ. केरळने मात्र २०१८ मध्ये निपाहचा तडाखा खाल्ला आहे. निपाह आत शिरतो ते दार २००५ पासून ठाऊक आहे. एफ्रिन-बी२ त्याचं नाव, आपल्या रक्तवाहिन्यांत आणि मेंदूत बसलेलं. चंद्रन आणि सहकाऱ्यांनी २०१८ मध्ये अमेरिकेतल्या हन्टाव्हायरसचं दारही दाखवून दिलं. तो फुप्फुसांवर हल्ला करतो आणि त्याने आजारी पडलेल्यांपैकी बरेच जण वाचत नाहीत. पीसीडीएच-१ हे प्रोटीन काढून टाकलेल्या हॅमस्टर्सवर त्याची मात्रा फारशी चालली नाही.

दारांचे पत्ते असे एकेक करून हाती येत आहेत. पत्ता मिळाला की औषध आपोआप तयार होत नाही, हे इबोलाच्या कॅलेंडरने दाखवलंच आहे. मधली वर्षं कुणाला तरी पगार द्यावा लागतो, उंदीर पाळावे लागतात, फसलेले प्रयोग पुन्हा करावे लागतात. त्यातलं काहीच प्रेझेंटेशनमध्ये छान दिसत नाही.

दर वर्षी बजेटच्या दिवशी आपण सगळे कामधाम सोडून टॅक्सचा स्लॅब बघतो, आणि किती वाचले याचा हिशेब दुपारपर्यंत ऑफिसभर फिरलेला असतो. पुढच्या वेळी तेवढं झालं की टॅब लगेच बंद करू नका. थोडं खाली स्क्रोल करा आणि आरोग्य संशोधनाच्या नावापुढे किती आकडा लिहिलाय तोही बघा. तेही तुमचेच पैसे आहेत.